जाळं सोडलं की इंजिन दम टाकतं: डिझेलच्या दाबाविषयी प्रश्नोत्तरे

जून-जुलैची मासेमारी बंदी उठून बोटी पाण्यात गेल्या की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचा सूर एकच असतो. इंजिन मिस मारतं, लोड घेत नाही, मध्येच बंद पडतं. दोन महिने टाकीत तसंच राहिलेलं डिझेल आणि आवरता आवरता घाईत बसवलेले पाइप, बहुतेकांचं मूळ इथेच सापडतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमच्या ट्रॉलरला सहा सिलिंडरचं इंजिन आहे, मायकोचा (आताची बॉश कंपनी) इनलाइन पंप, म्हणजे एका ओळीतल्या प्लंजरांनी इंजेक्टरना डिझेल देणारा जुन्या पद्धतीचा. बंदरात मोकळी बोट चालवताना काही त्रास नाही. जाळं सोडून लोड आला की आरपीएम 1800 वरून उतरत जातात. धूर वाढत नाही. मेकॅनिक म्हणतो, पंप उतरवून कॅलिब्रेशनला द्या. द्यावा का? (बोटमालक, मिरकरवाडा, रत्नागिरी)

अजून नको. धूर वाढत नाही हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण खरी खूण तीच आहे. पंख्यात जाळं गुंतलं असतं किंवा टर्बो हवा देत नसता, तर इंजिनाने काळा धूर ओकला असता. डिझेल आहे पण हवा पुरत नाही, असा त्याचा अर्थ. तुमच्याकडे ताकद जाते आणि धूर मात्र नाही, म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नाही. अशा वेळी एफआय (फ्युएल इंजेक्शन) पंप, म्हणजे तुमचा तो इनलाइन पंप, खोलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

डिझेल टाकीतून वॉटर सेपरेटरमध्ये येतं, तिथून फीड पंप ते ओढतो, पुढे फिल्टरमधून ढकलतो आणि एफआय पंपाच्या गॅलरीत, म्हणजे त्याच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत, भरतो. जास्तीचं ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीत परत जातं. या गॅलरीत साधारण 1 ते 1.5 बार दाब लागतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इंजेक्टर दोनशे बारच्या पुढे उघडतो, तो दाब वेगळा. बंदरात या दोन दाबांची सर्रास गल्लत होते.

0 ते 4 बारचा गेज घ्या आणि फिल्टरच्या पुढे, एफआय पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवा. जमल्यास दुसरा गेज फीड पंप आणि फिल्टर यांच्या मध्ये लावा. आता जाळं ओढत असताना वाचा. धक्क्याला उभ्या बोटीत दाब चांगला दिसला तर त्याला काही अर्थ नाही. फिल्टरच्या अलीकडे दाब आहे आणि पलीकडे नाही, तर फिल्टर चोंदलाय. दोन्हीकडे कमी असेल तर पुढची पायरी.

पुढची पायरी म्हणजे कॅन लावून बघणे. गाळलेल्या डिझेलचा 20 लिटरचा कॅन नीट बांधून ठेवा, एक्झॉस्टपासून लांब. नवी नळी कॅनमधून थेट फीड पंपाला द्या. रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर बघता बघता कॅन रिकामा होईल. दाब सुधारला तर पंप निर्दोष. दोष टाकीत, पाइपात किंवा सेपरेटरमध्ये. टाकी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची असेल तर संशय आणखी पक्का, कारण जस्त आणि डिझेल एकत्र आले की साबणासारखा गाळ धरतो आणि तोच फिल्टरमध्ये येऊन बसतो. तळाला साचलेलं पाणी आणि त्यावर वाढलेलं काळं बुळबुळीत शेवाळासारखं काहीतरी, हेही बघा. बंदरात हे सगळं तळाशी झोपून असतं. लाटेवर बोट हलली की उठतं आणि पाइपाच्या तोंडाशी येतं.

कॅन लावूनही दाब कमीच राहिला तर आधी फीड पंपाची छोटी जाळी काढा. ती असते हेच कित्येकांना माहीत नसतं. मग रिटर्नची रबरी नळी क्षणभर बोटांनी दाबा. दाब झटकन चढला तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग मेली आहे. चढलाच नाही तर फीड पंपाचा प्लंजर किंवा त्यातले व्हॉल्व्ह. (ही युक्ती फक्त जुन्या इनलाइन पंपासाठी, कॉमन रेलला, म्हणजे एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नव्या इंजिनांना, अजिबात नाही.) आणि त्या जागी खरोखर ओव्हरफ्लो व्हॉल्व्हच आहे ना, तेही खात्री करा. आधीच्या कुणी तो हरवून तिथे साधा बँजो बोल्ट (नळी जोडायचा पोकळ बोल्ट) पिळून ठेवलेला बऱ्याच बोटींवर मिळतो. दिसायला दोन्ही सारखे, पण साध्या बोल्टला आतून नुसतं भोक असतं, आणि त्यातून सगळा दाब परत टाकीत पळतो.

प्राथमिक फिल्टर बदलल्यापासून दर दहा-पंधरा मिनिटांनी डिझेलचा हँडपंप मारावा लागतो, नाहीतर इंजिन बंद. सगळं पुसून बघितलं, कुठेही डिझेल गळत नाही. (तांडेल, हर्णे)

गळणारही नाही. टाकी ते फीड पंप या टप्प्यात इंजिन चालू असताना ओढ असते. तिथे सांध्यात फट पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढचा सांधा ओला दिसेल, मागचा कोरडाच राहणार.

फिल्टर बदलल्यापासून सुरू झालंय, तर हात त्याच फिल्टरवर टाका. जुनी ओ-रिंग खोबणीत चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, हे नेहमीचं. तांब्याचे जुनेच वॉशर परत घातलेत का? क्लिप जास्त आवळून नळी कापली गेली का? फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक डिझेल होज टाका आणि बुडबुडे बघा. मग टाकीकडून एकेका सांध्यावर जाड ग्रीस लिंपत या. ज्या सांध्याला बुडबुडे थांबतात तो गुन्हेगार. ग्रीस हा शोधण्यापुरता उपाय आहे, ते तसंच ठेवून समुद्रात जाऊ नका. सांधा खोलून नवा वॉशर घाला, आणि आधी फिल्टरच्या, मग एफआय पंपाच्या ब्लीड स्क्रूने हवा काढा.

पर्यटकांची बोट आहे. अर्धा-पाऊण तास छान चालते, मग बंद. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. (मालवण)

पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा सूं करून आत गेली तर टाकीचा ब्रीदर (हवा आत यायची नळी) बंद आहे. बोट शाकारून ठेवली होती तेव्हा त्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं असेल किंवा रंगवताना तोंड बुजलं असेल. तार घालून मोकळा करा. आवाज आला नाही तर टाकीत काहीतरी तरंगतंय, बहुधा कॅनच्या झाकणाचा प्लास्टिकचा तुकडा. ओढीने तो पाइपाला चिकटतो, इंजिन थांबलं की सुटतो.

मी मिशिगनमध्ये राहतो. जुनी पेट्रोल बोट, व्ही-8 इनबोर्ड, फ्युएल इंजेक्शन. दाब 43 पीएसआय हवा, पूर्ण थ्रॉटलला 28 वर येतो. पंप आणि फिल्टर दोन्ही नवे घातले.

पेट्रोल आहे, म्हणून आधी एक गोष्ट. इंजिनखोलीचा ब्लोअर किमान 4 मिनिटं चालवा आणि बिल्जचा (बोटीच्या तळातल्या पोकळीचा) वास घेतल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नका. वर सांगितलेली उघड्या कॅनची युक्ती तुमच्यासाठी नाही. आउटबोर्डची बंद, पोर्टेबल टाकी मोकळ्या डेकवर ठेवून तिच्यावर चालवून बघा. दाब पूर्ववत झाला तर इंजिनाचा पिच्छा सोडा.

मग टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह काढा. आतली स्प्रिंग आणि गोळी गंजून अर्धवट उघडतात. आयडलला तेवढं पेट्रोल पुरतं, पूर्ण थ्रॉटलला नाही. व्हॉल्व्ह नवा बसवा. काढून नुसती फिटिंग लावायचा मोह टाळा, कारण नळी फुटली तर टाकीतलं पेट्रोल बिल्जमध्ये येण्यापासून तोच अडवतो. दुसरा संशय सक्शनच्या नळीवर. इथेनॉलमुळे आतलं अस्तर सुटतं आणि ओढ वाढली की आतल्या आत मिटतं. बाहेरून नळी ठणठणीत दिसते. शेवटी रेग्युलेटर: त्याची व्हॅक्युम नळी काढल्यावर तिच्यात पेट्रोल दिसलं तर डायफ्रॅम फाटलाय. आणि नवा पंप मोटारीचा घातला नाही ना? बोटीला मरीनचाच लागतो, इंजिनखोलीत ठिणगी परवडत नाही.

दाब कमी झालाय आणि न घालताच इंजिन ऑइलची लेव्हल वाढतेय. चालवत राहू का? (करंजा, उरण)

नाही. डिपस्टिकला डिझेलचा वास येतोय का बघा. येत असेल तर फीड पंपाचा डायफ्रॅम किंवा सील गेलाय आणि डिझेल सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जळायला वेळ लागत नाही. पंप दुरुस्त करा, ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, मगच स्टार्ट.

नवं कॉमन रेल इंजिन घेतलंय. हवा काढायला जुन्यासारखे इंजेक्टरचे पाइप ढिले करून क्रँक मारला तर चालेल का? (देवगड)

हरगिज नाही. रेलमध्ये दाब 1000 बारच्या वर जातो. हँड प्रायमरने किंवा इलेक्ट्रिक लिफ्ट पंपाने फक्त लो-प्रेशर बाजूची हवा काढा. पुढचं इंजिन स्वतः करतं. त्यातही लो बाजूचा दाब साध्या गेजवर बघता येतो, रेलचा मात्र स्कॅनरवरच.

गळती शोधायला चालू इंजिनाच्या पाइपावरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. बारीक फवारा हातमोजा आणि कातडी भेदून आत जातो. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, म्हणून खलाशी हळद लावून कामाला लागतो. तसं झालं तर बोट लगेच बंदराकडे वळवा आणि शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा. तिथे 'दाबाने डिझेल आत गेलंय' हेच शब्द वापरून सांगा, नाहीतर साधी जखम समजून पट्टी बांधून परत पाठवतील.