डीव्हीडीचा 'लेखक' कोण?

प्रश्न असा आहे: एका जुन्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका मराठीत आणताना 'डीव्हीडी ऑथरिंग'साठी 'डीव्हीडी लेखन' हा शब्द वापरला. तो चालेल का?

मला वाटतं, नाही चालणार. दोन-चार पानं पुढे गेलात की त्याच पुस्तिकेत 'डीव्हीडी रायटर' भेटेल आणि मग पंचाईत होईल. रायटर म्हणजे कोऱ्या चकतीवर माहिती उतरवणारं यंत्र. 'सीडी राईट करून दे' हे तर आपण सर्रास म्हणायचो. म्हणजे लेखनाची जागा आधीच भरलेली आहे, आणि ऑथरिंगचं काम त्या लेखनाच्या आधीच उरकलेलं असतं.

फरक अनुभवायचा असेल तर मोबाइलमधली व्हिडिओ फाइल आहे तशी डीव्हीडीवर उतरवा आणि टीव्हीजवळच्या जुन्या प्लेअरमध्ये घाला. बहुतेकदा तो 'नो डिस्क'सारखं काहीतरी दाखवून गप्प बसेल. चकती राईट झाली, ऑथर झालीच नाही! त्या प्लेअरला 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक मांडणी लागते. चित्र-आवाज 'व्हीओबी' फायलींत, जास्तीत जास्त 1 जीबीचे तुकडे पाडून. मेनूतल्या कुठल्या बटणावरून कुठे जायचं, प्रकरण कुठे सुरू होतं, हा सगळा नकाशा 'आयएफओ'मध्ये. आणि चकतीला ओरखडा पडला तर हाताशी असावी म्हणून 'बीयूपी' ही त्या नकाशाचीच नक्कल. चित्र बहुधा एमपेग-2 या व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धतीतलं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत 720 बाय 576 ठिपक्यांचं. हे सगळं 4.7 जीबीत बसवायचं, दुहेरी थराची चकती असेल तर 8.5 मध्ये. या खटाटोपाला ऑथरिंग म्हणतात.

यात कोणी काही 'लिहीत' नाही. मग इंग्रजीत ऑथर कुठून आला? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ वाढवणारा, प्रवर्तक, कर्ता असा आहे. लेखणीशी त्याचा संबंध नंतर घट्ट झाला. आपल्याकडे 'ग्रंथकर्ता' हा जुना शब्द त्याच्या जवळ जातो. गणपतीला आपण सुखकर्ता म्हणतो, सुखलेखक म्हणत नाही, तसंच हे. पण 'डीव्हीडीकर्तृत्व' कोणी छापलं तर मी तरी हसेन.

मला नेमका शब्द छापखान्यात सापडतो: जुळणी. मराठी पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर 'अक्षरजुळणी' अशी ओळ असते. मजकूर दुसऱ्या कोणाचा, छपाई तिसऱ्याची. मधलं काम जुळणीवाल्याचं. डीव्हीडीतही चित्रीकरण आणि संकलन आधी झालेलं असतं, चकती नंतर निघते. मेनूला अनुक्रमणिका आणि चॅप्टरला प्रकरण म्हटलं की हे रूपक आपोआप पुढे सरकतं. कारखान्यातल्या चकत्या साच्याने दाबून निघतात, त्यांना 'छापील' म्हणायलाही हरकत नाही. घरी 'बर्न' करताना मात्र लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्याचा थर खरोखरच बदलतो. तरी 'डीव्हीडी जाळली' लिहू नका, वाचणारा काडेपेटी शोधेल. 'उतरवली' पुरे.

'मक्सिंग'ला मी वेणी म्हणेन: चित्र, आवाज आणि उपशीर्षकं असे तीन पेड एकात एक गुंफायचे. 'रिपिंग'ला, म्हणजे चकतीवरचं चित्र-आवाज संगणकावर काढून घेण्याला, 'उसवणे' फार गोड वाटतं, पण पुस्तिकेत ते चालवायचा धीर मला होणार नाही.

शब्द तंत्राशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असा हट्टही नको. फीत केव्हाच गेली, तरी वर्तमानपत्रात आजही 'चित्रफीत' व्हायरल होते. तुम्ही पहिल्या उल्लेखात 'डीव्हीडीची जुळणी, म्हणजेच ऑथरिंग' असं लिहा आणि पुढे नुसतं 'जुळणी' ठेवा. पडद्यावरच्या बटणावर मात्र 'ऑथर' असेल तर तिथे 'ऑथर'च राहू द्या, नाहीतर वापरणारा बटण शोधत बसेल.