शेतात बायांना मजुरी कमी देतात हा खरंच भेदभाव आहे का? पुरुषाचं काम जड असतं म्हणून त्याला जास्त मिळतात ना?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ऑनलाइन सेंटर चालवते. सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सगळं. त्याआधी लग्न होईस्तोवर आईसोबत दुसऱ्यांच्या वावरात निंदायला अन कापूस वेचायला गेलेली आहे, म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगते.

आमच्या गावात सध्या बाईची रोजी 300 अन माणसाची 500. आता जड कामाचं म्हणाल तर पोतं उचलणं जड आहे, फवारणीचा पंप पाठीवर घेणं तर जीवावरचं काम आहे, 2017 मधे आमच्या जिल्ह्यात फवारणीनं किती जणं गेले ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्या पंपात टाकायचं पाणी विहिरीवरून डोक्यावर कोण आणते? आणि निंदण तुम्ही कधी केलंय का माहीत नाही, दिवसभर उकिडवं बसून पिकाच्या तासात, म्हणजे ओळीत, सरकत राहायचं, संध्याकाळी उठलं की पाच मिनिटं कंबरच सरळ होत नाही, ते कोणत्या हिशोबानं हलकं? डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला डवरा चालवणं, बैलानं होती तेव्हा माणसाला जास्त मिळायचे कारण काम जड. आता तेच काम ट्रॅक्टरवर बसून गाणे ऐकत होते, रोजी काही कमी झाली नाही, उलट ड्रायव्हर म्हणून वाढली.

वेचणीत मात्र गंमत आहे. वेचणी किलोवर असते, किलोला 10 रुपये म्हणजे बाईलाही 10 अन माणसालाही 10. माल चांगला फुटला असला अन हात चालता असला तर बाई दिवसाला 50 किलो वेचते, म्हणजे बरोब्बर माणसाची रोजी पडते तिला. आणि याच कामाला माणसं येत नाहीत! बोंडाची टोकं बोटात घुसतात, वरून ऊन, कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसतशी जड होते, संध्याकाळी वजन करताना काटा मालकाच्या हातात, "माल ओला हाय" म्हणून किलो दीड किलो सरळ कापून टाकतो. तरी बाया वर्षभर वेचणीची वाट पाहतात, कारण तेवढे दिवस तरी बाई म्हणून कमी मिळत नाहीत.

कायद्याचं विचाराल तर सारख्या कामाला सारखी मजुरी हा कायदा 1976 पासूनचा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, त्यातही बाई माणूस एकच दर. म्हणून हमीचं काम निघालं की आमच्या बाया पहिले नाव देतात. पण खाजगी वावरात कोण पाहायला येते, अन तक्रार करेल ती बाई दुसऱ्या दिवशी कोणाच्या वावरात जाईल?

माझंच घ्या. सेंटर माझ्या नावावर, आयडी माझा, परीक्षा मी दिली. तरी नवीन माणूस आला की दारातूनच, "काऊन वो ताई, भाऊ नाई का?" नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला असला तर कागद त्याच्या हातात देतात, तो मुकाट्यानं माझ्याकडं सरकवतो, बिचाऱ्याला प्रिंटरमधे कागद टाकता येत नाही. एकदा तर एका बुवानं काम सगळं माझ्याकडून करून घेतलं अन पैसे त्याच्या हातात दिले. आता मी हसून सोडते, सुरवातीला फार राग यायचा.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला मजुरीपेक्षा सातबाऱ्यात दिसते. 15 एप्रिल 2025 पासून महाराष्ट्रात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक कंपल्सरी झाला, सातबाऱ्यावर नाव असलं तरच निघतो. त्या महिन्यात माझ्याकडं रांगच रांग. त्यात एक बाई आली, नवरा वारला त्याला चार वर्षं झाली, चार एकर ती एकटी करते, पेरणीपासून तूर झोडण्यापर्यंत. पण वावर सासऱ्याच्या नावावर. सासरा म्हणते मी मेल्यावर पाहू. म्हणजे पीककर्ज सासऱ्याच्या नावानं, विमा सासऱ्याच्या नावानं, पीएम किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार सासऱ्याच्या खात्यात, अन कॉम्प्युटरला विचाराल तर ही शेतकरी नाहीच. बरं, वावरात पहिला वेचा करायच्या आधी आमच्याकडं सीतादही करतात, दहीभात घेऊन पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, पूजा करतात, ती पूजा हिच्याच हातून होते.

नवऱ्यानं जिवंतपणीच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय आहे, लक्ष्मीमुक्ती म्हणतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ते काढलं, मग 1992 मधे सरकारचं परिपत्रक आलं. मी सेंटरवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगते. सहा वर्षांत तिघं आले, त्यातले दोघं मास्तर, ज्यांचं घर शेतीवर चालतच नाही. बाकीचे म्हणतात, "नाव लावून काय करते ते, घर तर एकच हाय." एकच आहे तर लावायला काय जाते हे मी विचारते, मग विषय पावसावर जातो.

आता माझी गोष्ट सांगते, नाहीतर म्हणाल लोकांना शिकवते. बापाच्या वाट्यात पोरीचा हिस्सा 1956 पासून आहे, वडिलोपार्जित शेतीत पोराच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं 1994 मधे दिला, केंद्रानं 2005 मधे, अन पोरीला हक्क मिळायला बाप 2005 ला जिवंत असायला पाहिजे का हा घोळही 2020 मधे सुप्रीम कोर्टानं मिटवला, नसला तरी हक्क आहे म्हणून. हे मला पाठ आहे, रोज लोकांना सांगते. बाबा गेले तेव्हा तीन एकरावर वारस म्हणून भावाचं, माझं अन आईचं अशी तिघांची नावं लागली. आठ महिन्यांनी, 2023 ची दिवाळी झाली, ऑफिस उघडलं अन मी अन आईनं जाऊन भावाला हक्कसोड करून दिलं, म्हणजे आमचा दोघींचा हिस्सा सोडून दिला. भाऊ वाईट नाही, त्यानं जोर पण केला नाही, आईच म्हणे, "भावाशी वाकडं झालं त तुले माहेर कुठं रायते माय." साडी घेतली त्यानं, चांगली होती. मला सासरी आहे वावर, माझं काही अडत नाही असं मनाला सांगितलं. पण आईनं का सही करावी? ते वावर एकदा सावकाराकडं गेलं होतं, सोडवलं ते तिच्या वेचणीच्या पैशातून, मी लहान होते पण मला आठवते, रुमालात बांधलेल्या नोटा. मी तिथं बसले होते, कागद वाचता येणारी एकटी मीच, अन मी काही बोलले नाही.

2025 च्या उन्हाळ्यात आई ऑटोनं माझ्या सेंटरवर आली. आधार कार्ड पिशवीत, अन म्हणे गावात सगळ्यांचे शेतकरी कार्ड निघून रायले, माझं बी काढ. मी तिच्यासमोर आधार टाकलं, गट नंबर टाकला, जे दिसायचं ते दिसलं.

मी तिला म्हटलं सर्व्हर डाऊन आहे. त्यानंतर दोनदा फोनवर विचारून झालं तिचं, चालू झालं का म्हणून.