साताऱ्यात सेकंड-हँड लॉजिटेक जी२९ (रेसिंग गेमचं स्टिअरिंग व्हील आणि पेडलं) घेतलंय. ब्रेक न दाबता १०-१५ टक्के दाखवतो, मध्येच उड्या मारतो आणि जोरात दाबला की पेडलं सरकतात. डेडझोन, म्हणजे पेडल दाबूनही गेम दुर्लक्ष करतो तो सुरुवातीचा भाग, २० टक्क्यांवर न्या असा सल्ला मिळालाय. घरी काय करता येईल?

डेडझोनचा सल्ला आधी बाजूला ठेवा. त्याने आपोआप ब्रेक लागायचा थांबेल, पण ब्रेकचा सुरुवातीचा पाचवा भाग वाया जाईल आणि मधल्या उड्या तशाच राहतील. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायचा असतो, तिथेच या उड्या नडतात.

दोष पॉटचाच (पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग) आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. विंडोज की आणि आर दाबून जॉय.सीपीएल (joy.cpl) टाइप करा, यादीतल्या व्हीलच्या प्रॉपर्टीज उघडा, म्हणजे प्रत्येक पेडलची पट्टी दिसेल. यूएसबी लावल्यावर तिन्ही पेडलं एकदा तळापर्यंत दाबून सोडा. पहिल्यांदा दाबेपर्यंत काही गेम पेडल अर्धं दाबलेलं धरतात, तेवढ्यावरून पॉट खराब ठरवू नका. मग पाय बाजूला घेऊन व्हीलच्या मागची पेडलची नऊ पिनांची वायर हलवून बघा. पट्टी नाचली तर कनेक्टर सैल आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पुन्हा बघा, कारण जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं आणि त्यानेही पट्टी थरथरते. चार्जर काढल्यावर ती शांत झाली तर पेडल उघडायची गरज नाही, वायरमनला बोलवा.

एवढं करूनही उड्या असतील तर पॉट. यूएसबी आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढा, पेडलं उलटी करून खालचे स्क्रू सोडवा आणि कुठला स्क्रू कुठला ते कागदावर मांडून ठेवा. ब्रेकच्या कडेला तीन वायरींचं गोल पॉट दिसेल. पेडल दाबलं की त्याची छोटी चक्री फिरते. पॉट काढण्याआधी चक्रीचा दात आणि समोरचा दात यांवर मार्करने खूण करा. हे हमखास विसरलं जातं. मग जोडताना दात पुढे-मागे बसतो, पॉट शेवटाला आधीच टेकतं आणि ब्रेक कधी १०० टक्के होत नाही किंवा कधी शून्यावर येत नाही.

वायरींच्या टोकांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा, चक्री या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा आणि पंधरा मिनिटं वाळू द्या. मोबाइल रिपेअरवाल्याकडचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) सुद्धा चालतं. बिजागऱ्यांवर मारायचा डब्ल्यूडी-४० मात्र नको. त्याचा तेलकट थर आत राहतो, त्यावर धूळ बसते आणि उड्या परत सुरू होतात. मल्टिमीटर असेल तर मधली आणि कडेची पिन धरून पॉट सावकाश फिरवा. ओहमचा आकडा सरळ चढला पाहिजे. एकाच जागी झेप घेत असेल तर आतला पट्टा झिजलाय, आणि तिथे सफाई फार टिकत नाही. नवं घेताना जुन्यावरचाच आकडा, लिनिअर म्हणजे बी छापलेलं आणि दांड्याचा काप तसाच असलेलं बघून घ्या. पार्ट मिळेपर्यंत सोपी युक्ती म्हणजे क्लचचं पॉट ब्रेकला लावणं. बहुतेकांचा क्लच पडूनच असतो.

उघडलंच आहे तर पेडलच्या बुशला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, पॉटपासून लांब. ब्रेकच्या स्प्रिंगमध्ये रबराचा ठोकळा असतो, त्याने ब्रेक शेवटी कडक लागतो. तो काढून टाका असं बरेच जण सांगतात. माझ्या मते तो राहू द्या, खरी अडचण पेडलं सरकण्याची आहे.

पेडलखालचे दात कार्पेटसाठी आहेत, फरशीवर त्यांचा उपयोग शून्य. १८ मिमी प्लायचा तुकडा घ्या, पेडलं त्यावर एम६ बोल्टने आवळा आणि प्लाय भिंतीला टेकवा. वॉशरसह ३० मिमी लांबीचा बोल्ट पुरतो, त्याहून लांब नको. आधी हाताने फिरवा, अडला की जोर लावू नका, आत प्लास्टिक आहे. आता पेडलं थांबतील आणि खुर्ची मागे पळेल! तिची चाकं जुन्या बुटांत ठेवा, किंवा खुर्चीचा पाया आणि प्लाय यांच्यात सामान बांधायचा पट्टा ताणा. व्हीलचे क्लॅम्प टेबल जाड असेल तरच धरतात. टेबल हलत असेल तर सातारा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून ४० बाय ४० मिमी चौकोनी पाइपची फ्रेम करून घ्या. पाइप २ मिमी जाड सांगा, पातळ पाइप फोर्स फीडबॅकला, म्हणजे व्हीलची मोटर हाताला देते त्या धक्क्यांना, कंप पावतो.

सेटिंग शेवटी. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये व्हीलची रेंज ९०० अंश, सेंटरिंग स्प्रिंग बंद, ब्रेक सेन्सिटिव्हिटी ५० म्हणजे सरळ रेषा. असेट्टो कोर्सा या रेसिंग गेममध्ये पेडल अ‍ॅपची फोर्सची पट्टी लांब वळणात सतत लाल राहत असेल तर गेन, म्हणजे फोर्सची एकूण ताकद, कमी करा, कारण लाल झाल्यावर पुढचा तपशील हाताला कळतच नाही. जी२९ गिअरवर चालतं, म्हणून मधोमध थोडं ढिलं लागतं. मिनिमम फोर्स (हलका धक्काही हाताला जाणवावा म्हणून ठेवलेला किमान जोर) एकेक टक्का वाढवा आणि सरळ रस्त्यावर व्हील थरथरू लागलं की दोन टक्के मागे या.

एक गोष्ट अजून तपासून घ्या, सेकंड-हँड आहे म्हणून. जोरात डावी-उजवीकडे फिरवल्यावर व्हीलचा मध्य सरकतो का? सरकत असेल तर मोटरच्या दांड्यावरची एन्कोडरची (व्हील किती फिरलं ते मोजणाऱ्या भागाची) प्लास्टिक चकती तडकलेली असू शकते. कॅलिब्रेशनने ती सुधारत नाही, पितळी चकती बसवावी लागते. ती ऑनलाइन मिळते, पण काम नाजूक आहे, सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाला बरोबर घ्या.