चर्चच्या गायनवृंदात नव्याने येणाऱ्या मुलीला

रविवारचं गीत पेटीवर बसवण्याआधी एकदा नुसतं वाच. मोठ्याने, चाल न लावता. त्यात आलेलं वचन बायबलमध्ये शोध आणि तो अख्खा अध्याय वाचून काढ. कलस्सैकरांस पत्रात (3:16) पौल ख्रिस्ताचं वचन अंतःकरणात भरपूर राहू द्या म्हणतो, आणि त्याच वाक्यात स्तोत्रं, गीतं गाऊन एकमेकांना शिकवा असंही सांगतो. म्हणजे गाताना तू शिकवतही असतेस.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. 13वं बघ, अवघी सहा वचनं. ‘कोठवर?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा, आणि शेवटी गाणं. 88वं तर अंधारातच संपतं. ते मला फार जवळचं आहे. मंडळीत कुणाचं तरी माणूस परवाच गेलेलं असतं. सगळीच गीतं टाळ्यांची निवडलीस तर त्या घरच्यांनी गायचं काय?

नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली. ती म्हणताना तबला हलका ठेवायला सांग, शब्द आधी पोचले पाहिजेत.

पट्टी मागच्या बाकावरच्या आजींना झेपेल अशीच धर. तुझा आवाज छान वर जातो, पण मंडळी गप्प झाली की उपासनेचा नुसता कार्यक्रम होतो. आणि प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, रांग संपण्याआधी कडवी संपली तर घाईने नवं गीत काढू नकोस. पहिलंच कडवं पुन्हा घे, नाहीतर नुसती पेटी वाजू दे.