एमआयडीसीत मुलाखतींना निघण्यापूर्वी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

नवं तंत्रज्ञान आलं की कारखान्यातल्या कामगाराचं काम वर्षानुवर्षं टिकतं का, यावरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय चांगला आहे, शीर्षक मात्र भलतंच मोठं झालंय. ‘इंडस्ट्री ४.०’, म्हणजे संगणक-इंटरनेटने जोडलेले कारखाने, म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोबो नाचायला लागतो. आपल्या जळगावच्या एमआयडीसीत बदल इतका वाजतगाजत येत नाही. पाइपच्या कारखान्यात जुन्या मशीनला नवा पॅनेल बसतो, चटईच्या कारखान्यात एकाच माणसाच्या अंगावर जास्त लूम पडतात, डाळ मिलमध्ये सॉर्टेक्स, म्हणजे दाणे निवडणारं यंत्र, येतं. त्या दिवशी कोणाला काढत नाहीत. पुढच्या सीझनला बोलावत नाहीत, एवढंच.

‘शाश्वत करिअर’ची मांडणी तू आन्स द वोस, बिआट्रिस व्हान डर हायडेन आणि योस आकरमन्स यांच्या २०२० च्या लेखावरून घेतलीस, ते बरं केलंस. आरोग्य, समाधान, उत्पादकता या तीन कसोट्या, आणि त्या लावायच्या वर्षानुवर्षांच्या कामावर. पण ही मंडळी बेल्जियम-नेदरलँड्समधली. त्यांच्याकडचा माणूस आपलं करिअर थोडंफार स्वतः घडवतो असं गृहीत आहे. आपल्याकडे माणूस आणि कारखाना यांच्यामध्ये ठेकेदार उभा असतो, आणि तुझ्या आराखड्यात तो कुठेच नाही.

प्रश्नावलीचं तर विचारू नकोस. ‘नवीन तंत्रज्ञान शिकण्याची माझी तयारी आहे’ या वाक्यापुढे सुपरवायझरच्या देखत ‘असहमत’ कोण म्हणणार? सगळे हो म्हणतील, तक्ता झकास भरेल आणि हाती काही लागणार नाही.

त्यापेक्षा एखाद्या डाळ मिलमध्ये नुसती उभी राहा. सॉर्टेक्समध्ये दाणे उतरत्या पन्हळींवरून घसरत येतात, कॅमेरा त्यांचा रंग बघतो, आणि डागी दाणा किंवा खडा दिसला की हवेचा फटका बसून तो बाजूला उडतो. हीच निवड पूर्वी बायका ओळीने बसून हाताने करायच्या. मालक म्हणेल, मशीनमुळे कोणाचं गेलं नाही, उलट ऑपरेटरची नोकरी निघाली. ते खोटं नाही. पण ऑपरेटर कोण झालं, निवडणारी बाई की तिच्या शेजारचा बारावी झालेला पोरगा? जिनिंगलाही, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कामालाही, हेच. २००० साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं, जिनिंग-प्रेसिंग सुधारायला मदत मिळाली. डोक्यावरच्या टोपलीतून जाणारा कापूस हवेच्या झोताने पाइपातून यंत्रापर्यंत जाऊ लागला.

म्हणून फाटकाच्या आत जे दिसतात तेवढ्यांनाच विचारून परत येऊ नकोस. टिकलेल्यांनाच विचारलंस तर मशीन सगळ्यांना मानवलं असाच निष्कर्ष निघेल. गेलेल्या बायका शोध. कोणी रावेर-यावलकडे केळीच्या बागेत रोजाने जात असेल, कोणी धुणीभांडी करत असेल.

आणि ‘अनुभव किती?’ असं विचारूच नकोस, ‘पंधरा वर्षं’ असं गोल उत्तर मिळतं. ज्याचा पीएफ कापला जातो त्याची हरकत नसेल तर मोबाइलवर पासबुक उघडायला सांग. २०१४ पासून यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक, एकच असतो, पण मालक बदलला की नोंद वेगळी पडते. एकाच मशीनवर वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाच्या नावापुढे दोन-तीन ठेकेदार निघतील, मध्ये काही महिने कोरे. त्या कोऱ्या महिन्यांवर बोट ठेव आणि विचार, तेव्हा काय केलं, घर कसं चाललं? तिथून माणूस खरा बोलायला लागतो. नंबरचा फोटो मात्र काढायचा नाही आणि वहीत नाव लिहायचं नाही. ज्याला पीएफच नाही त्याच्याबरोबर लेकरांच्या जन्मावरून, बहिणींच्या लग्नांवरून वर्षं लावत बस. वेळ खातं हे काम, पण दुसरा रस्ता नाही.

आरोग्याला तू दोनच प्रश्न दिलेस. इथे कंजुषी नको. पीव्हीसी पाइपच्या लाइनवर बॅरल, म्हणजे प्लास्टिक वितळवणारी नळी, १६० ते २०० अंशांवर असतं, आणि मे महिन्यात बाहेरच पारा ४५ ला टेकतो. वर बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रातची. पंचविशीतला पोरगा हे हसत ओढतो. पंचेचाळिशीच्या माणसाला विचार, रातपाळीनंतर झोप कधी लागते, पाणी प्यायला मशीन सोडता येतं का, त्याच्या वयाचे त्या लाइनवर किती उरलेत आणि बाकीचे कुठे गेले. मला विचारशील तर अख्ख्या प्रबंधाचा जीव या एका प्रश्नात आहे.

तुलनेसाठी भुसावळ घे. वाफेच्या इंजिनांचं केवढं मोठं शेड होतं तिथे! १९९५ पर्यंत ब्रॉडगेजवरची वाफ संपली, पण रेल्वेचा माणूस रेल्वेतच राहिला. आज तिथे विजेच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. इकडे जळगावात खान्देश मिल ही कापडगिरणी बंद पडली, त्या जागेवर आता खान्देश सेंट्रल हे व्यापारी संकुल आहे, आणि मिलचे कामगार मिळेल त्या कामाला लागले. गिरण्या बुडायला कारणं बरीच होती, सगळं खापर यंत्रावर फोडू नकोस. पण हातात कसब दोन्हीकडे होतं. माणूस कोणाच्या हजेरीपटावर होता आणि किती काळासाठी, याने पुढचं ठरलं. हा रकाना तुझ्या तक्त्यात हवाच.

सरकारी आकड्यांचं थोडक्यात सांगतो. वार्षिक औद्योगिक पाहणीत थेट आणि ठेकेदारामार्फतचे कामगार वेगळे मिळतात, ते वापर. लहान शेडमधली माणसं तिथे सापडायची नाहीत. पीएलएफएस, म्हणजे सरकारची रोजगाराची पाहणी, घरोघरी जाते, पण एकाच माणसाची पंधरा वर्षं तिच्यात नाहीत. पीएमकेव्हीवाय या केंद्राच्या कौशल्य योजनेत अंगी असलेलं कौशल्य तपासून त्याचं प्रमाणपत्र देतात, त्याला आरपीएल म्हणतात. कोणाकडे असेल तर त्यावर पगार वाढला का, तेवढं विचार.

पाळी सुटताना कोणाला अडवू नकोस, गाडी चुकली की माणूस चिडतो. सुट्टीच्या दिवशी घरी जा. अमळनेर-पारोळ्याकडचे असतील तर सरळ अहिराणीत बोल, तुझ्या तर घरातच आहे ती. मालकाने स्वतः पुढे केलेल्या कामगाराशीही बोल, पण सुरुवात त्याच्यापासून नको.

चार-पाच मुलाखती झाल्या की जशाच्या तशा लिहून पाठव, तक्ते एवढ्यात नकोत. शीर्षकाचं तुझ्या गाइडशी मी बोलतो.

तुझे,
सर