वही खिळ्यावरून काढा

ताई, माझ्या मायला स्तनाचा कॅन्सर आहे. दर २१ दिवसांनी केजहून संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलात केमोला नेतो. सहा सांगितल्यात, तीन झाल्या. आता म्हणते, "बास झालं, मला नेऊ नका." जन्मभर रोजानं कापूस वेचून तिनं आम्हा तिघा भावांना वाढवलं, आम्हीही काही कमी पडू दिलं नाही. पुढं भांडण नको म्हणून एसटीच्या तिकिटापासून नारळपाण्यापर्यंत सगळा खर्च वहीत लिहितो. वही तिच्या उशाशीच खिळ्याला असते, पण तिला वाचता येत नाही. तिचं मन कसं वळवू?
– एक मुलगा, केज तालुका

दादा, मन नंतर वळवू. आधी ती वही.

वाचता येत नाही म्हणता? रोज संध्याकाळी काट्यावर आपलं गाठोडं किती भरलं, हे तुमच्या मायला कळत होतं. मालकानं दोन किलो मारले तर तेही कळत होतं. अक्षर येत नसेल, हिशोब पक्का येतो तिला. केमोहून येऊन ती भिंतीकडे तोंड करून पडते, अन् तुम्ही तिच्याच डोक्यावरनं हात घालून वही काढता. "रिक्षाचे किती दिले रे?" हेही तिथंच उभं राहून विचारत असाल. गेल्या खेपेला तिनं नारळपाणी स्वतःहून मागितलं का? आठवून बघा.

हिशोब ठेवूच नका, असं मी म्हणत नाही. सोयाबीनचं काय चाललंय ते मलाही दिसतं, आणि पैशावरून सख्खे भाऊ बांधावर उभे राहिलेले मी पाहिलेत. मोबाइलात लिहा, धाकट्याच्या घरी ठेवा. बरं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, केमोसुद्धा. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन गेलात का? एसटीत बायांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मग वहीत उरतं काय? रिक्षा, वरणभात आणि नारळपाणी. एवढ्याला तीन वाटे! चिडले मी, चिडू द्या.

आज रात्री ती झोपली की वही काढा. तिला काही सांगू नका. "खर्चाची काळजी करू नको" हे तर मुळीच म्हणू नका, त्यातही खर्च आहेच. दोन दिवस जाऊ द्या, मग शेजारी बसून विचारा, "माय, काय सोसत नाही?" तोंड आलं असेल, मळमळ थांबत नसेल. त्यावर औषधं असतात, पण डॉक्टरांच्या कानावर तर जायला पाहिजे. एवढं करूनही नको म्हणाली, तर तिला सोबत घेऊन डॉक्टरांशी बोला, तिच्यामागं काही ठरवू नका.

आणि खिळाही उपटा. नुसता खिळा दिसला तरी तिला वहीच दिसेल.