करारातलं महामारीचं कलम: सही करावी का?

प्रश्न (थोडक्यात): मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात फार्मासिस्ट आहे. मुलगा वीस वर्षांचा आहे. लीग वनमधल्या (इंग्लिश फुटबॉलची तिसरी पातळी) एका क्लबने त्याला दोन वर्षांचा करार देऊ केला आहे: आठवड्याला १,२०० पौंड आणि खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे १५० पौंड. करारात एक जादा कलम आहे. साथीमुळे किंवा तत्सम कारणाने स्पर्धा थांबली, तर 'परिस्थिती पूर्ववत होईपर्यंत' एकूण मोबदल्यात ३० टक्के कपात. एजंट म्हणतो, सही करू नका. मला वाटतं करावी. २०२० मध्ये आम्ही रुग्णालयात राबत होतो आणि प्रीमियर लीगचे हे फुटबॉल खेळाडू एक पेनी सोडायला तयार नव्हते, ते मी विसरलेलो नाही. यावरून घरात बोलणं बंद आहे. तुमचं मत काय?

उत्तर:

तुमचा राग मला कळतो. पण तो ज्यांच्यावर आहे ते खेळाडू आणि तुमचा मुलगा एकच खेळ खेळत असले, तरी पैशाच्या बाबतीत त्यांचा काही संबंध नाही. त्यामुळे आधी २०२० चा हिशोब करू, मग कराराकडे येऊ.

२ एप्रिल २०२० ला तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी डाउनिंग स्ट्रीटच्या पत्रकार परिषदेत प्रीमियर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, खेळाडूंनी पगारकपात घ्यावी, असं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी क्लबांनी वार्षिक मोबदल्याच्या ३० टक्क्यांचा प्रस्ताव मांडला, काही कपात आणि काही रक्कम लांबणीवर. त्यावर खेळाडूंच्या संघटनेने, म्हणजे पीएफएने, हिशोब दिला: बारा महिने ३० टक्के कापले तर ५० कोटी पौंडांहून जास्त पगार जाईल आणि सरकारचा २० कोटींहून जास्त कर बुडेल. लोकांना ही पळवाट वाटली. मला तो हिशोब बरोबर पण अर्धा वाटतो, कारण लांबणीवर टाकलेल्या पगारावरचा कर बुडत नाही, फक्त उशिरा येतो.

'एक पेनी सोडायला तयार नव्हते' हे मात्र खरं नाही. ८ एप्रिलला लिव्हरपूलचा कर्णधार जॉर्डन हेंडरसन आणि इतर कर्णधारांच्या पुढाकाराने 'प्लेयर्स टुगेदर' निधी सुरू झाला आणि त्याचे पैसे एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, धर्मादाय संस्थांकडे गेले. खेळाडूंचा आक्षेप पैसे सोडायला नव्हता, ते क्लबमालकांच्या ताळेबंदात जिरायला होता. त्याच सुमारास टॉटनहॅम आणि लिव्हरपूल हे क्लब आपल्या बिगर-खेळाडू कर्मचाऱ्यांना सरकारी फर्लो योजनेवर टाकत होते, म्हणजे ८० टक्के पगार, महिन्याला कमाल २,५०० पौंड, करदात्याच्या खिशातून. टीका झाल्यावर दोघांनीही माघार घेतली.

आर्सेनलचं उदाहरण तर प्रत्येक खेळाडूच्या आई-वडिलांनी वाचावं असं आहे. एप्रिलमध्ये तिथल्या खेळाडूंनी १२.५ टक्के कपात मान्य केली. ऑगस्टमध्ये क्लबने ५५ नोकऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये थॉमस पार्टेला आणायला सुमारे साडेचार कोटी पौंड मोजले. कपातीला नकार दिलेल्या मेसुत ओझिलवर तेव्हा बरीच टीका झाली. पैसे कशासाठी आणि कुठे जाणार याचा तपशील मिळाला नाही, असं त्याने नंतर सांगितलं. एक सल्लागार म्हणून मला तो प्रश्न अगदी योग्य वाटतो.

आता तुमच्या घरातला आकडा. आठवड्याला १,२०० म्हणजे वर्षाला ६२,४०० पौंड. २०२५-२६ च्या दरांनी प्राप्तिकर आणि नॅशनल इन्शुरन्स (कर्मचारी आणि मालक दोघांनी भरायची सक्तीची वर्गणी) वजा जाता हातात सुमारे ४६,७५० येतात. वर्षभर ३० टक्के कपात झाली तर ढोबळ (कर कापण्याआधीचा) पगार ४३,६८० होतो आणि हातात उरतात जवळपास ३५,०००. म्हणजे मुलगा १८,७२० पौंड सोडतो, पण त्याच्या खिशातून प्रत्यक्ष जातात ११,८०० च्या आसपास. उरलेले सुमारे ६,९०० त्याच्याकडून सरकारला मिळणार होते, ते मिळत नाहीत. शिवाय क्लबचा १५ टक्के नॅशनल इन्शुरन्सही वाचतो, आणखी २,८००. या व्यवहारात क्लबची साडेएकवीस हजार पौंडांची बचत होते. ज्या एनएचएसच्या नावाने हा विषय निघतो, तिला तर काहीच मिळत नाही, उलट सरकारी तिजोरीत साडेनऊ हजारांहून जास्त खड्डा पडतो.

याच्याशेजारी देणगी ठेवून बघा. मुलाने हातातल्या पैशातून १,००० पौंड गिफ्ट एडने (देणगीवरची सरकारी करसवलत) दिले तर संस्थेला १,२५० मिळतात, आणि ४० टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे त्याला करातून २५० परत मागता येतात. त्याला खर्च ७५०. तेवढेच ७५० पगारकपातीतून सोडायचे, तर जवळपास १,३०० पौंड ढोबळ पगार क्लबला सोडावा लागतो आणि रुग्णालयाला शून्य. मुलाने समाजासाठी काही करावं ही तुमची इच्छा असेल, तर तिचा मार्ग हा आहे. त्यासाठी कराराच्या कलमाची गरज नाही.

मग एजंट बरोबर? पूर्ण नाही. प्रीमियर लीगला टीव्हीचा पैसा असतो. १७ जून २०२० ला सामने रिकाम्या मैदानात सुरू झाले तरी तो येत राहिला. लीग वन आणि तिच्याखालच्या लीग टूमध्ये प्रेक्षकांच्या तिकिटांवर भिस्त असते, म्हणून ९ जूनला त्यांनी मोसम तिथेच संपवायचा निर्णय घेतला. विचित्र गोष्ट अशी, की सगळा देश वरच्या वीस क्लबांच्या पगारांवर बोट ठेवत होता आणि खरी तंगी खाली होती, जिथे खेळाडूंचे पगार तुमच्या-आमच्या पगारांच्या जवळचे असतात. त्यामुळे छोट्या क्लबने अशी सवलत मागणं मला गैर वाटत नाही. मागणी ठीक आहे, मसुदा वाईट आहे.

पहिली गोष्ट, कपात नको, लांबणीवर टाकणं चालेल. २०२० च्या एप्रिलमध्ये ईएफएल (प्रीमियर लीगखालच्या लीग चालवणारी संस्था) आणि पीएफए यांनी मिळून लीग वन आणि टूसाठी हेच सुचवलं होतं: त्या महिन्याचा २५ टक्क्यांपर्यंत पगार लांबणीवर आणि महिन्याला २,५०० पौंडांहून कमी मिळवणाऱ्याला हात लावायचा नाही. क्लबपुढे हा नमुना ठेवा. लांबणीवर टाकण्यालाही थोडी किंमत आहे. समजा १८,७२० पौंड पुढच्या करवर्षात गेले, तर ते सगळे ४० टक्क्यांच्या टप्प्यात बसतील आणि एकूण कर सुमारे ९०० पौंडांनी वाढेल. पावणेबारा हजार कायमचे जाण्यापेक्षा हे परवडलं.

दुसरं, 'परिस्थिती पूर्ववत' म्हणजे काय? २०२० मध्ये सामने मार्चच्या मध्याला थांबले. भरलेली मैदानं परत दिसली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. क्लबच्या वकिलाने 'पूर्ववत'चा अर्थ गर्दी असा घेतला तर कपात सतरा महिने चालेल, म्हणजे तुमच्या मुलाच्या कराराचा बहुतेक काळ. तिथे तारीख हवी. स्पर्धा सुरू झाली की कलम संपलं, आणि काही झालं तरी तीन महिन्यांच्या वर नाही. 'तत्सम कारण' हे शब्द सरळ खोडायला सांगा.

'एकूण मोबदला' हाही शब्द बघा. स्पर्धा थांबली की सामन्यामागचे १५० पौंड आपोआप बंद होतात. तो तोटा मुलगा आधीच सोसतोय. टक्केवारी लावायची तर फक्त मूळ पगारावर.

आणि लांबणीवर टाकलेल्या रकमेची परतफेड. यासाठी इटलीतल्या युव्हेंटस क्लबचं प्रकरण आठवा. २८ मार्च २०२० ला त्यांनी जाहीर केलं, की खेळाडूंनी चार महिन्यांचा पगार सोडला आणि नऊ कोटी युरो वाचले. पुढे तपासात निघालं, की बराच भाग परत देण्याचे खासगी करार झाले होते, आणि २०२३ मध्ये क्लबला ७ लाखांहून जास्त युरोंचा दंड भरून पगारांचं हे प्रकरण मिटवावं लागलं. क्रिस्टियानो रोनाल्डोने आपली थकबाकी १ कोटी ९५ लाख युरो सांगितली. संबंधित कागदावर त्याची सही नव्हती. एप्रिल २०२४ मध्ये लवादाने त्याला साधारण निम्मी, ९७ लाखांची रक्कम दिली. ज्याच्या दिमतीला वकिलांची फौज आहे त्याचीही ही गत झाली. तेव्हा रक्कम, तारीख आणि 'क्लब सोडला तर त्याच दिवशी देय' हे तीनही कागदावर, दोघांच्या सह्यांनी, आणि तो कागद करारासोबत लीगकडे नोंदवलेला.

क्लब बुडाला तर? इंग्लिश फुटबॉलमध्ये एक चांगला नियम आहे. दिवाळखोरीतून बाहेर येऊन लीगमध्ये राहायचं असेल तर खेळाडूंची देणी पूर्ण चुकती करावी लागतात. पण तो उपयोगी पडतो क्लब जगला तरच. बरी नावाच्या क्लबच्या खेळाडूंचे पगार थकलेलेच होते, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने क्लबलाच बाहेर काढलं. म्हणून सही करण्याआधी कंपनीज हाउसच्या (कंपन्यांची सरकारी नोंदणी) संकेतस्थळावर क्लबचे हिशेब बघा, ते फुकट मिळतात. हिशेब सादर करायला उशीर झालेला दिसला तर मी लांबणीवरच्या टक्केवारीवर आणखी खाली घासाघीस करेन.

साउदॅम्प्टनने एप्रिल २०२० मध्ये खेळाडूंचा पगार तीन महिने लांबणीवर टाकला, तेव्हा बाकी कर्मचाऱ्यांना जूनअखेरपर्यंत पूर्ण पगार देऊ असं सोबतच जाहीर केलं. तुमच्या कलमातही तशी एक ओळ मागा: संचालकांनाही हीच टक्केवारी लागू आणि त्या काळात कर्मचारीकपात नाही. क्लब बहुधा नाही म्हणेल. पण नाही कशी म्हणतो, त्यावरून बरंच कळतं.

समजा क्लब अडून बसला: कपातच, नाहीतर करार नाही. दुसऱ्या क्लबची ऑफर हातात असेल तर तिकडे बघा. नसेल, तर तीन महिन्यांची आणि मूळ पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा घालून मी सही करायला सांगेन. त्यात सगळ्यात वाईट परिस्थितीत साधारण २,३०० ढोबळ पौंड जातील. वर्षाला हातात येणारे पावणेसत्तेचाळीस हजार एवढ्यासाठी, तेही कदाचित कधीच न वापरल्या जाणाऱ्या कलमासाठी, विसाव्या वर्षी सोडणं मला पटत नाही. आहे तसा मसुदा मात्र नको, अगदी तुमच्या समाधानासाठीही नको.

मुलाने पहिल्या वर्षी गाडी भाड्याने घेऊ नये, हे त्याला माझ्या नावाने सांगा. करार ३० जूनला संपतात आणि पुढचा क्लब मिळेपर्यंतचे महिने कोरडे जातात, साथ असो वा नसो. नऊ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत मोठा हप्ता घेऊ नये. दुखापतीचा विमा पीएफएमार्फत काय मिळतो तेही विचारावं.

कलमाचा मसुदा सही करण्याआधी पीएफएच्या वकिलाला दाखवा. एजंटलाही एक प्रश्न विचारा. त्यांचं मानधन बहुतेक वेळा खेळाडूच्या पगाराच्या टक्केवारीत ठरतं, त्यामुळे कपातीला त्यांचा विरोध असणं साहजिक आहे. मुलाचा पगार लांबणीवर गेला तर त्यांची फीही तेवढीच लांबणीवर जाईल का, हे लेखी घ्या.